फराळ विकायचाय, नंबर कुठून काढू?

एरवी मला पत्रं येतात ती पोळ्या वातड का होतात, कामाला बाई टिकत नाही, उधारी कशी वसूल करू, अशी. श्रावण लागला की मात्र सगळ्यांना दिवाळी दिसायला लागते आणि तिच्या पाठोपाठ फूड लायसन्स आठवतं. यंदा, म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये, या एकाच विषयावर अकरा पत्रं आली. त्यातली सहा निवडली. तिघींनी ‘नाव छापू नका’ म्हणून कळवलंय, मग कुणाचंच नको. गाव तेवढं ठेवते.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी नौपाड्यात १९९८ पासून पोळी-भाजी आणि फराळ करते. आधी घरच्या ओट्यावर, नंतर भाड्याच्या गाळ्यात. मी ना वकील, ना अधिकारी. जे स्वतः भरलं, स्वतः चुकले आणि स्वतः निस्तरलं, तेच सांगते. यातल्या फी, मर्यादा, मुदती आणि योजना २०२४ च्या आहेत.

ताई, मी ऐरोलीला राहते. मागच्या दिवाळीला ऑफिसातल्या लोकांना चकली आणि चिवडा करून दिला, साधारण २५ किलो. यंदा ७० किलोपर्यंत ऑर्डर जाईल असं दिसतंय. एका एजंटाने फूड लायसन्सचे ६,५०० रुपये सांगितले. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, घरात धंदा चालणार नाही. महिनाभराच्या कामासाठी एवढं सगळं खरंच लागतं का?
— ऐरोली

लागतं. पण तू घाबरली आहेस तेवढं नाही, आणि एजंट सांगतोय तेवढं तर नाहीच नाही.

कायदा २००६ चा, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. खाण्याची वस्तू करून विकणाऱ्याला कलम ३१ प्रमाणे एकतर नोंदणी हवी किंवा परवाना. आपण दोन्हीला सरसकट ‘लायसन्स’ म्हणतो आणि तिथेच एजंटाचं फावतं. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत आणि दिवसाचं उत्पादन १०० किलोच्या आत असेल तर नुसती नोंदणी. तिची सरकारी फी वर्षाला १०० रुपये. शंभर. त्याच्या वर राज्याचा परवाना, त्याला वर्षाला २,००० ते ५,००० रुपये. तुझे ७० किलो महिन्याचे आहेत, दिवसाचे नव्हेत. म्हणजे तू नोंदणीतच बसतेस. एजंटाचे उरलेले ६,४०० रुपये कशाचे, ते त्याला विचार आणि उत्तर मला कळव. मी गोळा करते अशी उत्तरं.

अर्ज ‘फॉस्कॉस’ नावाच्या सरकारी पोर्टलवर भरायचा. नोंदणीसाठी फॉर्म ‘ए’. फोटो, ओळखपत्र आणि जिथे पदार्थ करणार त्या जागेचा पुरावा. माझ्या भाचीने कोपरखैरण्याच्या घरून हा अर्ज एका संध्याकाळी भरला. तिचाही फ्लॅट सासऱ्यांच्याच नावावर. सासऱ्यांच्या नावाचं लाइट बिल आणि ‘माझी सून इथे पदार्थ करते, माझी हरकत नाही’ असं त्यांच्या सहीचं पत्र जोडलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो फोटोची फाइल लहान करण्यात.

दोन जागी जपून राहा. पहिली म्हणजे मोबाइल नंबर आणि ईमेल. तो तुझाच घाल. एजंट स्वतःचा घालतात. मग नूतनीकरणाचा निरोप त्यांना जातो आणि तुम्ही जन्मभर त्यांच्या दारात. माझ्या ओळखीतल्या दोघींना स्वतःच्याच नोंदणीचा पासवर्ड माहीत नव्हता. दुसरी म्हणजे धंद्याचा प्रकार. तिथे लांबलचक यादी येते. तू पदार्थ करून विकणार, म्हणजे उत्पादन. पटकन सुटतं म्हणून किरकोळ विक्रीवर खूण करून मोकळं व्हायचं नाही. कागदावर दुकान आणि घरात चकलीचा सोऱ्या, हे पहिल्याच तपासणीत उघडं पडतं.

अर्ज गेला की सात दिवसांत एकतर नोंदणी मिळते, किंवा कारण सांगून नाकारतात, किंवा जागा बघायला येतो म्हणून कळवतात. बघायचं ठरलं तर ३० दिवसांत निर्णय व्हायला हवा. २०११ च्या नियमांत असंही लिहिलंय की या मुदतीत काहीच कळवलं नाही तर छोट्या व्यावसायिकाने काम सुरू करायला हरकत नाही. हे वाक्य मला फार आवडतं. सरकारी कागदात असं क्वचित सापडतं.

नंबर १४ आकड्यांचा असतो. नोंदणीचा २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. नोंदणीत पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५, आणि त्यापुढचे दोन वर्षाचे. उद्या तू खोबरं, तूप कुणाकडून घेशील तेव्हा पाकिटावरचा नंबर असा वाचायची सवय लाव. बारा आकडी नंबर छापलेलं पाकीट मी स्वतः पाहिलंय.

आता सेक्रेटरी. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. अन्नाची नोंदणी म्हणजे घरात धंदा करायची परवानगी नव्हे. सोसायटीचे नियम, जागेचा वापर हे वेगळं खातं. त्यांना लेखी कळव की माणूस ठेवणार नाही, फलक लावणार नाही, गिऱ्हाईक जिन्यात उभं राहणार नाही. तळणीचा वास शेजारच्या बेडरूममध्ये जात असेल तर मात्र कुठलाही कागद तुझ्या कामाला येणार नाही. एक डबा चिवडा आधी शेजारी पोचव.

आणि गॅस. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. पाइप गॅस असेल तर त्याचाही घरगुती आणि व्यावसायिक दर वेगळा. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

नेरूळला माझी डब्यांची घरगुती खानावळ आहे. ६० डबे जातात, १२० रुपयांचा एक, महिन्याचे २६ दिवस. दोन बायका मदतीला आहेत. नोंदणी काढलेली आहे. मध्ये एक गिऱ्हाईक म्हणालं की भाताला वास येतो. हाताखालच्या बायकांची मेडिकल लागते असंही ऐकलं. खर्च वजा जाता माझ्या हातात वर्षाला चार लाखसुद्धा उरत नाहीत.
— नेरूळ

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात काळजीचा आकडा शेवटचा नाही, पहिल्या ओळीतला आहे. ६० गुणिले १२० म्हणजे दिवसाचे ७,२००. २६ दिवसांचे १,८७,२००. वर्षाचे २२ लाख ४६ हजार ४००. नियम उलाढाल बघतो, हातात उरतं ते नाही. तुम्ही १२ लाखांची रेघ केव्हाच ओलांडली आहे आणि तुमच्याकडे आहे ती नोंदणी. तुमच्या दराने ही रेघ साधारण ३२ डब्यांवर पडते. तेहतिसावा डबा लागला त्या महिन्यातच परवान्याचा विचार करायला हवा होता. आता उशीर न करता फॉर्म ‘बी’ भरा. राज्याच्या परवान्याला खानावळीसारख्या धंद्यासाठी वर्षाला २,००० रुपये लागतात. परवाना झाला की दर २५ माणसांमागे निदान एक जण ‘फॉस्टॅक’चं, म्हणजे अन्न सुरक्षेचं सरकारी प्रशिक्षण घेतलेला हवा. तुम्ही तिघी आहात, तुम्ही स्वतः केलंत की काम झालं. मी केलं तेव्हा वर्गात बहुतेक हॉटेलातली मुलं होती आणि मी एकटीच पदर खोचलेली.

मेडिकल लागते, वर्षातून एकदा. नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला हवा. त्यात त्वचा, डोळे, संसर्गजन्य आजार नाही ना, हे तपासतात आणि विषमज्वरासारख्या आजारांची लस टोचलेली असावी अशी अपेक्षा असते. हा खर्च तुम्ही करा, बायकांच्या पगारातून कापू नका. पहिल्या वर्षी मी कापला होता, एक जण दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिचं बरोबर होतं.

आता भात, कारण खरं दुखणं तिथे आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावते की तुमचा भात सकाळी सहा-साडेसहाला होतो, गरम गरम डब्यात भरून झाकण लागतं आणि डबा साडेबाराला उघडतो. भातात एक जिवाणू असतो, त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात. ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस हा सगळा पट्टा वाईट. गरम ठेवायचं तर ६० च्या वर, गार ठेवायचं तर ५ च्या खाली. तुमचा डबा सहा तास नेमका मधे बसलेला असतो, त्यात नवी मुंबईची दमट हवा.

मी असं करते. भाजी आणि आमटी आधी, पोळ्या मधे, भात सगळ्यात शेवटी. डबे पावणेअकराला निघत असतील तर कुकर दहाला चढतो. भात परातीत पसरून वाफ पूर्ण जाऊ देते, मगच भरते. ताटावर उलथन्याने रेघा मारल्या की वाफ लवकर जाते. आदल्या दिवशीचा भात दुसऱ्या दिवसाच्या डब्यात फोडणी देऊनसुद्धा नाही. तो मी आणि माझी माणसं खातो, तोही फ्रीजमध्ये ठेवलेला असला तरच. टोचायचा थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो. बोटाला गरम लागतं आणि ६० अंश असतं, यात बराच फरक आहे, हे मला तो घेतल्यावर कळलं.

पाण्याचंही सांगते. मोरबे धरण आपलं स्वतःचं म्हणून नवी मुंबईकर कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण तुमच्या नळाला येतं ते मोरबेचं पाणी सोसायटीच्या टाकीत मुक्काम करून येतं. टाकी शेवटची कधी धुतली ते विचारा आणि तारीख लिहून ठेवा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पिण्याच्या पाण्याची तपासणी करून अहवाल फाइलला लावा. बघायला आलेला अधिकारी तो मागू शकतो.

आमचा कळव्याला दहा जणींचा बचत गट आहे. गोडा मसाला, लसणीची चटणी, शेंगदाण्याची चटणी करतो. छापखान्यात स्टिकर टाकायचे आहेत. मजकूर असा ठरवलाय: ‘अस्सल घरगुती, १००% शुद्ध, मधुमेहींसाठी उत्तम’. खाली गटाचं नाव आणि फोन. बरोबर आहे का? एक दुकानदार मसाला सुटासुद्धा मागतो, देऊ का?
— कळवा

छापखान्याला आजच फोन करून काम थांबवा.

मधुमेहींसाठी उत्तम वगैरे अजिबात नको. रोगाशी जोडून दावा करता येत नाही. जाहिरात आणि दाव्यांचे नियम २०१८ चे आहेत. ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ असे शब्द कुठे वापरायचे यालाही त्यात अटी आहेत. तुमचा मसाला चांगला असेल तर तो शब्द गिऱ्हाईक उच्चारेल, स्टिकरवर कशाला? आणि सुटा देऊ नका. दळलेला मसाला पाकीटबंदच विकायचा, असा नियम आहे.

पाकिटावर काय हवं ते सांगते. पदार्थाचं नाव. त्यातले जिन्नस, वजनाने जास्त तो आधी. म्हणजे गोड्या मसाल्यात धणे आधी येतील, दगडफूल तळाला. शाकाहारी म्हणून हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. निव्वळ वजन. गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता. एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं बोधचिन्ह आणि तो १४ आकडी नंबर. बॅच नंबर, म्हणजे एका वेळी केलेल्या मालाची खूण. बनवल्याची तारीख आणि ‘यूज बाय’, म्हणजे वापरायची शेवटची तारीख. पूर्वी आपण नुसतं ‘बेस्ट बिफोर’ लिहून सुटायचो. २०२० च्या लेबलच्या नियमांनी ते ऐच्छिक झालं, शेवटची तारीख मात्र सक्तीची. सर्व करांसहित कमाल किंमत, ग्रॅममागे पडणारा दर आणि तक्रारीसाठी फोन, हे वजनमापं खात्याच्या नियमाने. शेंगदाण्याच्या चटणीवर ‘यात शेंगदाणा आहे’ असं वेगळं लिहा. हसू नका. शेंगदाण्याने गळा सुजणारी माणसं असतात, आणि लसणीच्या चटणीतही तुम्ही दाणे घालत असाल तर तिच्यावरही लिहा. चटण्यांना पोषणमूल्यांची चौकटही लागते.

या सगळ्यात बायका बॅच नंबरला नाक मुरडतात. ‘आम्ही काय कारखाना आहोत?’ मीही हेच म्हणायची, २००९ च्या दिवाळीपर्यंत.

पाडव्याच्या सकाळी चरईतल्या एक आजी करंज्यांचा डबा घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत, झाकण काढून डबा माझ्या नाकाशी धरला. खवट. जुन्या तेलाच्या बरणीचा येतो तसा वास. सारण मोडून बघितलं, तर खसखस ठीक, वेलची ठीक, खोबरं गेलेलं. त्या वर्षी जांभळी नाक्यावर मला एका दुकानात पुरेसं खोबरं मिळालं नव्हतं, म्हणून उरलेलं दुसरीकडून घेतलं होतं. तीन दिवस करंज्या तळल्या. कुठल्या दिवशी कुठलं खोबरं गेलं, आठवेना. डब्यावर माझं नाव आणि एक फुलाचं चित्र, बाकी काही नाही. अर्ध्या किलोचे ३८ डबे गेले होते. मी आणि माझी मुलगी भाऊबीजेच्या दिवशी ३८ घरी फोन करत बसलो होतो. डब्याला ११० प्रमाणे ४,१८० रुपये परत केले. खराब निघाले ते फार तर दहा-अकरा असतील. बाकीच्यांना मी स्वतःच सांगितलं की माझा माल वाईट आहे. एका घरी तर करंज्या संपल्या होत्या आणि छान झाल्या म्हणून सांगायला ते मलाच फोन करणार होते.

तेव्हापासून वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, दर वर्षी नवी. ‘क-३-ख२’ म्हणजे करंजी, तिसरा दिवस, खोबरं दुसऱ्या दुकानाचं. समोर कुणी तळलं तिचं नाव आणि किती डबे झाले तो आकडा. हाच नंबर डब्यावर. प्रत्येक बॅचचं एक पाकीट गिऱ्हाइकाला न देता फळीवर ठेवते आणि दर पाच दिवसांनी उघडून चाखते. चकलीवर मी मुदत ४५ दिवसांची लिहीत होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात तिसाव्या दिवशी तिला तेलाचा वास यायला लागतो हे फळीने सांगितलं. आता २५ लिहिते. कायद्याला हवा तो बॅच नंबर हाच. त्याला इंग्रजी अक्षरं आणि मशीन लागत नाही.

गटाला भांडवल हवं असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत बचत गटाच्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळतं. मसाला दळायचं यंत्र घ्यायचं मनात असेल तर चौकशी करा.

काकू, वडिलांची किसननगरला वडापावची गाडी आहे, वीस वर्षं. आता मी बसतो. तेल रोज बदलायला परवडत नाही. आणि पेपरमध्ये वडापाव द्यायचा नाही म्हणतात ते खरं का?
— ठाणे

पेपरचं खरं आहे. छपाईच्या शाईतली रसायनं गरम, तेलकट वड्याला चटकन लागतात. पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमांत छापील वर्तमानपत्राला मनाई आहे. कोरा, खाण्यासाठीचा कागद घे. रद्दी स्वस्त पडते हे मला माहीत आहे, माझा चुलतभाऊ ती विकतो.

तेलाला नियम आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात वाढतात ते ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खायच्या कामाचं राहत नाही. हे १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ते मोजायचं यंत्र तुझ्याकडे नसणार, माझ्याकडेही नाही. डोळे आणि नाक वापर. तेल दाट झालं, काळवंडलं, वडा सोडला की बारीक फेस येऊन तसाच राहायला लागला, नेहमीच्या आचेवर धूर धरायला लागला, की ते गेलं. तीनदा तापवलं की पुरे. सगळ्यात मोठी चूक आपण काय करतो, तर काळ्या तेलात वरून नवं तेल ओततो. त्याने जुनं सुधारत नाही, नवं बिघडतं. तुझी कढई बहुतेक गरजेपेक्षा मोठी आहे. वडिलांच्या वेळी दिवसाला किती वडे जायचे आणि आता किती जातात? कढई लहान केलीस की तेल कमी लागेल आणि संध्याकाळी फेकायला जीव होईल. वड्यांच्या मधल्या वेळात आच कमी कर. चुऱ्यासाठी पडलेले बेसनाचे कण झाऱ्याने सतत काढ, तेच जळून तेल काळं करतात. चुरा तुझा विकला जातोच, म्हणजे दोन्हीकडून फायदा.

फेरीवाल्याचीही नोंदणी होते, ओळखपत्रावर. प्रमाणपत्राची प्रत गाडीवर दिसेल अशी लाव, तेलाचे डाग पडणार नाहीत अशा प्लॅस्टिकमध्ये.

आमचं घोडबंदर रोडला मिठाई आणि फरसाणचं छोटं दुकान आहे. दिवाळीआधी एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे लोक नमुने घेतात. आमच्याकडे आले तर काय करायचं? माझ्या मिस्टरांना आत्ताच झोप लागत नाही.
— घोडबंदर रोड

त्यांना झोपू द्या. मी तुम्हाला माझ्याकडे आले होते ते सांगते.

२०१६ चा ऑक्टोबर, दुपारी चारची वेळ, गाळ्यात चकल्या चालू. दोन जण आले, ओळखपत्र दाखवलं. माझे हात भाजणीत, आणि डोक्यात फक्त एवढंच की मागच्या मोरीत भांडी पडली आहेत. त्यांनी मोरी बघितलीच. मग झाकण नसलेली कचऱ्याची बादली बघितली, मुलींच्या डोक्याला टोपी आहे का बघितलं, एकीच्या बोटाला चिंधी होती ती बघितली आणि तिला तळणीवरून उठवायला सांगितलं. चिंधी हळदीची होती, मला वाटत होतं हळद म्हणजे औषध. कापलेल्या बोटावर पाणी न शिरणारी पट्टी आणि त्यावर हातमोजा, नाहीतर त्या दिवशी पदार्थाला हात नाही.

नंतर चकलीची पाकिटं मागितली. मी म्हटलं, घ्या हो, पैसे कसले? अधिकारी म्हणाले, ‘बाई, पैसे घ्यावेच लागतील. नाहीतर हा नमुना होत नाही, नुसता फराळ होतो.’ नमुन्याची किंमत मोजून देणं कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. मी पावती दिली. नमुन्याचे चार भाग केले, प्रत्येक बंद करून चिठ्ठी, दोरा, लाखेचं सील, माझी सही. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन वरच्या अधिकाऱ्याकडे. चौथा भाग तुमच्या मागणीवरून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. तुम्ही खर्च द्यायचा. हे त्याच वेळी सांगायचं असतं. मला माहीत नव्हतं, मी गप्प राहिले. तुम्ही सांगू शकता.

विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. माझा ठीक आला. तो तसा न आला तर तीन शब्द लक्षात ठेवा: कमी दर्जाचा, मिथ्याछाप आणि असुरक्षित. मिथ्याछाप म्हणजे लेबल चुकलेलं; पदार्थ उत्तम असूनही दंड ३ लाखांपर्यंत जाऊ शकतो. असुरक्षित म्हणजे मामला गंभीर, तेव्हा वकील गाठा. अहवाल मान्य नसेल तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. जागेतली कमतरता असेल तर बहुतेक वेळा आधी सुधारणा नोटीस येते, मुदत घालून. मला त्या कचऱ्याच्या बादलीसाठी तोंडी सांगितलं, मी दुसऱ्या दिवशी पायाने उघडायची घेतली.

तुमच्या मिठाईच्या दुकानाला आणखी एक. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेसमोरही ‘अमुक तारखेपर्यंत चांगली’ अशी पाटी लागते. पेढ्याची आणि मोतीचूर लाडवाची तारीख एकच लिहिलेली पाटी बघून कुणालाही संशय येईल. मिस्टरांना झोप येत नसेल तर रोज सकाळी या पाट्या बदलायचं काम त्यांच्याकडे द्या. आणि बिलावर तुमचा १४ आकडी नंबर छापलेला आहे ना, तेही बघा. जानेवारी २०२२ पासून तो लागतो.

ताई, माझी नोंदणी मार्चमध्ये संपली, लक्षातच राहिलं नाही. बहिणीचा नंबर आहे, ती कामोठ्याला लाडू करते. दिवाळीपुरता तिचाच माझ्या पाकिटांवर छापला तर चालेल का?
— वाशी

नाही. नंबर बहिणीच्या जागेचा आहे आणि लाडू तुझ्या ओट्यावर वळले जाणार. काही झालं तर अधिकारी कामोठ्याला तिच्या दारात जातील. संपायच्या ३० दिवस आधी अर्ज केला असतास तर प्रश्नच नव्हता. त्यानंतर दिवसाला १०० रुपये दंड, म्हणजे वर्षाची फी एका दिवसात. आता पोर्टलवर जाऊन काय दाखवतंय ते आज रात्रीच बघ, नवा अर्ज करायला लागला तर कर. दिवाळीला अजून अडीच महिने आहेत. पाकिटं छापायला मात्र नंबर हातात आल्यावरच टाक.